कोणाच्या कानाला खटकते?

स्पर्धा परीक्षेच्या मराठीच्या तासाला एक सल्ला हमखास मिळतो. ‘शुद्ध वाक्य ओळखा’ असा प्रश्न आला की चारही पर्याय मनातल्या मनात म्हणून बघा. कानाला खटकेल ते चूक, सहज वाटेल ते बरोबर. बीडच्या अभ्यासिकांत, मोबाइलवरच्या व्याख्यानांत, मार्गदर्शक पुस्तकांच्या पहिल्या पानावर तो इतक्या वेळा भेटतो की त्यावर कोणी शंका घेत नाही. व्याकरण म्हणजे घोकंपट्टी नव्हे, आपली मातृभाषा आहे, ती अंगात मुरलेली असली की उत्तर आपोआप येते, असा त्यामागचा युक्तिवाद. ऐकायला तो मोठा उदार वाटतो. मी बीड जिल्ह्यात मुलांना मराठी शिकवतो. माझे म्हणणे असे आहे की हा सल्ला आमच्या मुलांचे सरळसरळ नुकसान करतो आणि तो देणे थांबले पाहिजे.

नुकसान केवढे, ते आधी बघू. पोलीस भरतीच्या शंभर गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण असे चार विषय असतात. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांपैकी पंचवीस मराठीचे होते आणि प्रत्येकाला दोन गुण होते. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. अशा परीक्षेत एका प्रश्नाचे दोन गुण म्हणजे यादीत शेकडो क्रमांकांचा फरक. पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर या तालुक्यांतल्या कोरडवाहू घरांत सरकारी नोकरी हा उसाच्या फडावरून सुटण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरला आहे. तिथल्या मुलाला आपण ‘कानाला विचार’ म्हणतो, तेव्हा तो कान कुठे घडला याचा विचार करायला हवा.

शिरूर कासारकडची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की आईवडील उचल घेऊन कारखान्याकडे निघतात. काही वर्षे ती हंगामी वसतिगृहात राहिली, काही वर्षे त्यांच्याबरोबर कोपीत. गावाकडे आजी ‘म्या सांगितलं व्हतं’ म्हणते. कोल्हापूरच्या बाजूला फडावर तिने तिथल्या बायकांना स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणताना ऐकले. मोबाइलवरच्या रीलमधली मुंबईची मुलगी ‘मी आली, मी बोलली’ म्हणते. शाळेतल्या बाईंनी ‘मी आले’ शिकवले. आता तिच्यापुढे प्रश्न येतो: एक स्त्री बोलत आहे, पुढीलपैकी शुद्ध वाक्य कोणते? ‘मी काल आली’, ‘मी काल आलो’, ‘मी काल आले’, ‘मी काल आला’. तिच्या कानाला यातले एकच वाक्य खटकते, शेवटचे. उरलेली तिन्ही तिने माणसांच्या तोंडून, रागात, लाडात, रोजच्या बोलण्यात ऐकलेली आहेत. कानाला विचारून ती काय ठरवणार? तिला सांगायला हवे ते एवढेच: प्रमाण मराठीत बोलणारी स्त्री असेल तर प्रथमपुरुषी एकवचनात भूतकाळी रूप ‘ले’ असे होते, ‘ली’ हे तृतीयपुरुषाचे, ‘लो’ हे पुरुषाचे. हा नियम तिला कळला की मुंबई, कोल्हापूर आणि शिरूर या तिन्ही ठिकाणांचा गलका बाजूला पडतो आणि उत्तर हातात येते.

कानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. ते म्हणतात, भाषाशास्त्रज्ञसुद्धा शेवटी भाषकालाच विचारतात, हे वाक्य तुमच्या भाषेत होते का? मातृभाषकाचा कौल हाच व्याकरणाचा पाया आहे. हे अगदी खरे आहे. पण भाषाशास्त्रज्ञ त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या बोलीबद्दल विचारतो. धारूरच्या आजीला ‘म्या सांगितलं’ बरोबर की ‘म्या आलं’ बरोबर असे विचारले तर ती क्षणात सांगते, आणि तिच्या बोलीपुरता तिचा निकाल अंतिम असतो. परीक्षेत विचारतात ती प्रमाण मराठी. ती पूर्णपणे कोणाच्याच घरची नाही. पुण्यातल्या काही घरांना ती जवळची, आम्हाला जरा लांबची, गडचिरोलीला आणखी लांबची. पण शाळेत सगळ्यांनाच शिकावी लागते. जी गोष्ट शिकून येते तिच्याबद्दल जन्मजात कानाला कौल मागायचा, म्हणजे ज्याचे घर त्या भाषेच्या जवळ आहे त्याला न शिकता गुण देऊन टाकायचे.

आणि बीडचा कान काही बिघडलेला नाही. ‘म्या’ घ्या. ‘रामाने सांगितले’, ‘त्याने सांगितले’ यात कर्त्याला ‘ने’ लागतो. प्रथमपुरुषी मात्र प्रमाण मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी सांगितले’ अशा दोन्ही जागी एकच ‘मी’ उरला आहे. बोलीने हा भेद सांभाळला: ‘मी आलो’ पण ‘म्या सांगितलं’. ज्ञानेश्वरीत हेच रूप ‘मियां’ असे आहे आणि एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्यातही ‘म्यां’ सर्रास सापडते. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानला जातो. याच अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडावर ‘पासोडी’ लिहिली. मराठी लिहिण्याची जागा तेव्हा गोदावरीच्या खोऱ्यात होती, पुढे ती सरकली. म्हणून आमच्या मुलाला ‘तुझी भाषा अशुद्ध’ असे म्हणणाऱ्या माणसाला ना मराठीचा इतिहास माहीत आहे ना व्याकरण. मुलाला सांगायचे ते असे: तुझी बोली नियमानेच चालते, प्रमाण मराठीही नियमाने चालते, दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि परीक्षेत दुसरीचे नियम विचारले आहेत. इतके स्पष्ट सांगितले की मूल बिचकत नाही. कानाचा सल्ला मात्र त्याला दर वेळी आठवण करून देतो की ज्यांचे सहज बरोबर येते ते वेगळे, तू वेगळा.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त चुकते ते भविष्यकाळाचे रूप. ‘मी उद्या अर्ज भरेल.’ ‘मी नक्की येईल.’ मराठवाड्यात हे इतके रुळले आहे की शिक्षक, वकील, निवडून आलेले सदस्य, सगळे असेच बोलतात. कानाला ते अजिबात खटकत नाही आणि खटकण्याची शक्यताही नाही. इथे कान वापरणारा मुलगा शंभरातून शंभर वेळा चुकणार. नियम मात्र एका ओळीचा आहे: ‘मी’ असेल तर रूप ‘न’ने संपते, ‘तो’ असेल तर ‘ल’ने. मी येईन, तो येईल. फळ्यावर दोन रकाने काढून दिले की पुन्हा चूक होत नाही. जी चूक दोन रकान्यांनी सुटते, तिला ‘भाषेची जाण नाही’ असे नाव देऊन मुलांना खाली बसवले जाते, याचा मला राग आहे.

शहरी कान तरी किती भरवशाचा आहे? ‘मला माहिती नाही’ हे आज पुण्या-मुंबईत शिकलेली माणसे बिनदिक्कत म्हणतात. ‘माहिती’ हे नाम. ती मिळते, देतात, गोळा करतात. ‘माहीत’ असणे वेगळे. म्हणून ‘मला माहीत नाही’. ‘माझी मदत कर’ हे हिंदीतून घुसले. मराठीत मदत ‘मला’ करतात. ‘मी तुला बोललो’ हेही तसेच. माणूस एखाद्याला म्हणतो आणि एखाद्याशी बोलतो. या तीनही वाक्यांवर शहरी कान गप्प बसतो, कारण मालिका, जाहिराती, निवेदकांची बडबड यांनी तो बधिर केला आहे. तेव्हा कानाचा सल्ला ग्रामीण मुलाला जाचक आहेच, पण शहरी मुलालाही तो उद्या बुडवणार आहे.

मग नियमाने वाक्य कसे तपासायचे? एक उदाहरण पूर्ण करून बघू. पर्याय असे आहेत: ‘पोलिसांनी चोर पकडला’, ‘पोलिसांनी चोराला पकडला’, ‘पोलिसांनी चोर पकडले’ (चोर एकच आहे असे प्रश्नात दिले आहे). आधी कर्ता बघायचा. त्याला ‘नी’ लागला आहे, म्हणजे क्रियापद कर्त्याचे ऐकणार नाही. मग कर्म बघायचे. कर्माला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्माप्रमाणे चालते: चोर पकडला, टोळी पकडली, वाहन पकडले. कर्मालाही ‘ला’ लागला, तर क्रियापदाला ऐकायला कोणीच उरत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होते: चोराला पकडले, टोळीला पकडले, चोरांना पकडले. पुस्तकात याला कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात. म्हणजे पहिला पर्याय बरोबर, दुसरा चूक, कारण ‘चोराला’ आणि ‘पकडला’ यांचे जमत नाही. तिसरा वचनामुळे चूक. हा सगळा विचार सवयीने काही सेकंदांत होतो आणि तो करणाऱ्याला आपले उत्तर का बरोबर हे माहीत असते. नंतर उत्तरतालिकेत वेगळे उत्तर आले, तर आक्षेप घेण्याची त्याची तयारी असते. ‘बरे वाटले म्हणून टिक केले’ असे म्हणणाऱ्याकडे आक्षेपाला काही आधार नसतो.

अपवाद येतात तेही नियमानेच शिकवता येतात. पिणे, शिकणे, विसरणे, नेसणे, बोलणे या क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही: ती साडी नेसली, मी धडा शिकलो, तो नाव विसरला. यादी लहान आहे, तोंडपाठ होते.

कोणी विचारील, या सगळ्याचा तलाठ्याच्या कामाशी संबंध काय? संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. अतिवृष्टी झाली की गावात पंचनामा करायला तोच येतो. त्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, काम तेच आहे. बांधाच्या भांडणात जबाब लिहायचा असतो. समजा त्याने लिहिले: ‘रामाने श्यामला त्याच्या शेतातून हाकलून दिले.’ आणि समजा लिहिले: ‘रामाने श्यामला आपल्या शेतातून हाकलून दिले.’ फरक एका शब्दाचा आहे. प्रमाण मराठीत ‘आपल्या’ हा शब्द कर्त्याकडे बघतो, म्हणजे दुसऱ्या वाक्यात शेत रामाचे. ‘त्याच्या’ हा शब्द कर्त्याला सोडून दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणजे पहिल्या वाक्यात शेत श्यामचे किंवा आणखी कोणाचे. दुसऱ्या वाक्यात राम आपला हक्क राखतो आहे, पहिल्यात तो दुसऱ्याच्या जमिनीत घुसून दांडगाई करतो आहे. हा जबाब पुढे तहसीलला जातो, प्रांताकडे जातो, कोर्टात जातो. त्या वेळी तिथे ना राम असतो ना श्याम, फक्त हे वाक्य असते. वाक्य नीट ओळखता येणे हे त्या पदाचे काम आहे. म्हणून मला हे प्रश्न हवे आहेत. ‘पिवळा पीतांबर’ आणि ‘गाईचे गोमूत्र’ असल्या द्विरुक्तींचे घासून गुळगुळीत झालेले प्रश्न वर्षानुवर्षे विचारण्यापेक्षा असे दहा प्रश्न विचारले, तर कोण जबाब लिहू शकतो हे कळते.

इथपर्यंत मी मुलांशी आणि शिकवणाऱ्यांशी बोललो. आता प्रश्न काढणाऱ्यांकडे वळतो, कारण नियमाने उत्तर द्या असे मुलाला सांगताना नियम कुठला, हे त्यांनीही सांगायला हवे. तिथे मात्र अंधार आहे.

शासनाने मान्य केलेले नियम आहेत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ मध्ये चारांची भर पडली, एकूण अठरा. हे नियम मुख्यतः लेखनाचे आहेत: अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ, सामान्यरूप. प्रयोग, लिंगवचनाचा मेळ, वाक्यरचना यांच्यासाठी उमेदवार मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ किंवा बाळासाहेब शिंदे यांचे ‘परिपूर्ण मराठी व्याकरण’ उघडतात. म्हणून अभ्यासिकेत ‘वाळंबेंनुसार’ आणि ‘शिंदेंनुसार’ असे वाद रात्री उशिरापर्यंत चालतात. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले, तेव्हापासून कर्ता कोण आणि प्रयोग किती यांवर विद्वानांत एकमत नाही. अरविंद मंगरूळकरांनी तर ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या नावाचेच पुस्तक लिहिले, कारण संस्कृतच्या साच्यात मराठी बसवण्यालाच त्यांचा आक्षेप होता. ‘मला चंद्र दिसतो’ यात कर्ता ‘मला’ की ‘चंद्र’, या प्रश्नावर ज्या विषयातले जाणकार भांडतात, त्यावर चार पर्याय देऊन एकावर शिक्का मारायचा, तर आधी आधार जाहीर करावा लागतो.

साध्या लेखननियमांतसुद्धा काय होते बघा. नियम सांगतो की राहणे, पाहणे, वाहणे अशी रूपे लिहावीत. रहाणे, पहाणे, वहाणे लिहू नयेत. पण तोच नियम पुढे सांगतो की आज्ञार्थात राहा, पाहा, वाहा यांच्याबरोबर रहा, पहा, वहा लिहायला हरकत नाही. म्हणजे ‘खालील चित्र पहा’ हे शासनमान्य नियमाने शुद्ध आहे. तरी अर्धाच नियम वाचून ‘पहा’ला अशुद्ध ठरवणारे सराव संच आमच्या मुलांच्या टेबलावर पडलेले असतात. ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’ दोन्ही बरोबर. भविष्यकाळाचे तर दोन काळांतले दोन नियम आहेत. जुने व्याकरण सांगते की सकर्मक क्रियापदाला ‘ईन’ आणि अकर्मकाला ‘एन’ लागतो: मी अर्ज भरीन, मी बाकावर बसेन. आज चांगले लिहिणारेसुद्धा ‘भरेन’, ‘करेन’ लिहितात. ‘भरेल’ चूक हे निर्विवाद आहे. पण पर्यायांत ‘भरीन’ आणि ‘भरेन’ एकत्र आले तर मुलाने कोणाचे ऐकायचे? वर्णमालेचेही तेच. पाठ्यपुस्तकी परंपरेत वर्ण अठ्ठेचाळीस. २००९ च्या शासननिर्णयात ॲ, ऑ आणि क्ष, ज्ञ धरून बावन्न. दोन्ही आकडे छापील आहेत, दोन्ही आकडे मुलांना पाठ आहेत, आणि परीक्षेला बसताना कोणता लिहायचा हे त्यांना नशिबावर सोडावे लागते.

उत्तरतालिकेत पर्यायाचा क्रमांक असतो, कारण नसते. लोकसेवा आयोग पहिली तालिका लावतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका येते. काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. का बदलले, कोणत्या नियमाने बदलले, हे बाहेर बसलेल्याला कळत नाही. आयोगाच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, म्हणजे संदिग्ध प्रश्न सोडवण्याचे धाडस केल्याचाही दंड बसतो. तलाठी भरतीसारख्या अनेक सत्रांत चाललेल्या परीक्षेत तर प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. एका सत्रात दोन उत्तरांचा प्रश्न पडला, दुसऱ्यात पडला नाही, तर तो फरक पुढे गुणांच्या सामान्यीकरणात मिसळून जातो. त्या परीक्षेच्या निकालात सामान्यीकरणानंतर दोनशेपैकी २१४ गुण मिळालेला उमेदवार सगळ्या राज्याने पाहिला. सांख्यिकी पद्धतीवर वाद घालण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच म्हणायचे आहे की जिथे एकेका गुणाचे असे गणित चालते, तिथे प्रश्न तरी एकाच उत्तराचा असावा, आणि ते उत्तर कशावर उभे आहे हे लिहून द्यावे.

हे वाचून काही जण म्हणतील, एवढी भानगड आहे तर हे प्रश्नच काढून टाका. हे म्हणणारे आमच्या मुलांच्या बाजूचे आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ते दोन दाखले देतात. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी जगभर घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेने २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या आवृत्तीत वाक्य सुधारण्याचे प्रश्न वगळले, हा पहिला. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, हा दुसरा. जीमॅट देणारा उमेदवार प्रवेशासाठी निबंध लिहितो, मुलाखत देतो. त्याची भाषा तपासायला संस्थेकडे दुसरी साधने आहेत. पोलीस शिपाई आणि तलाठी यांच्या भरतीत लेखी भाषेची दुसरी कोणतीही तपासणी नाही. राज्यसेवेच्या वर्णनात्मक पद्धतीचे मी स्वागत करतो. २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुले रस्त्यावर बसली ती तयारीला वेळ मिळावा म्हणून, आणि तो मिळाला. पण तिथे मराठीचा तीनशे गुणांचा पेपर फक्त पात्रतेपुरता आहे. पंचवीस टक्के मिळाले की झाले. शिवाय दहा लाख अर्जांच्या परीक्षेत निबंध तपासणे शक्य नाही, आणि समजा शक्य झाले, तर काय होईल? निबंध तपासणारा माणूस आपला कान घेऊन बसेल. ‘मी जाईल’ वाचून त्याच्या मनात मुलाच्या गावाबद्दल, जातीबद्दल, शाळेबद्दल जे येईल ते गुणांत उतरेल. पर्यायी प्रश्नाला उत्तर देणारा धारूरचा की पुण्याच्या डेक्कनचा हे यंत्राला कळत नाही. आमच्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी सोडायला तयार नाही.

बोलीतले वाक्यही बरोबर धरावे, ही मागणी मला पटत नाही. बोलीचा मान बोलीतल्या कवितेत, नाटकात, शाळेतल्या पहिल्या इयत्तांत ठेवावा. तिथे तो आज ठेवला जात नाही, त्यासाठी भांडू. पण गडहिंग्लजच्या तलाठ्याचा जबाब बीडच्या न्यायाधीशाला आणि बीडचा जबाब मुंबईच्या न्यायालयाला एकाच अर्थाने वाचता यायला हवा. त्यासाठी सामाईक भाषा लागते. ती सामाईक आहे म्हणूनच ती शिकवण्याची जबाबदारी राज्याची आहे, घरची नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्याचे सोहळे झाले. अभिजात भाषेच्या राज्यात शुद्ध वाक्याचा अधिकृत आधार कुठला, हे उमेदवाराला सांगता येऊ नये, ही शरमेची बाब आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. लोकसेवा आयोगाने आणि भरती घेणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने मराठी व्याकरणासाठी कोणते ग्रंथ आणि कोणते शासननिर्णय आधार धरले जातील, हे जाहिरातीबरोबर छापावे. जाणकारांत मतभेद आहेत असे प्रश्न विचारू नयेत. विचारले तर कोणाच्या मताप्रमाणे, ते प्रश्नातच लिहावे. अंतिम उत्तरतालिकेत व्याकरणाच्या प्रत्येक उत्तरापुढे नियमाची एक ओळ असावी. प्रश्नात ‘शुद्ध’ ऐवजी ‘प्रमाण लेखनानुसार अचूक’ असे लिहावे, म्हणजे परीक्षेला बसलेल्या मुलीला आपली आजी अशुद्ध बोलते असे वाटणार नाही.

आणि शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, कानाचा सल्ला बंद करा. दोन रकाने काढा, कर्ता-कर्म शोधायला लावा, अपवादांची यादी द्या. परीक्षा देणाऱ्यांनो, हरकत नोंदवताना ‘ऐकायला हेच बरोबर वाटते’ असे लिहू नका. नियम लिहा, ग्रंथाचे नाव लिहा, पान क्रमांक लिहा, आणि मुदत संपण्याच्या आत पाठवा.